गाडी ऑइल पितेय? बोअर-पिस्टनचं काम करण्याआधी आणि केल्यानंतर काय बघायचं, वाचा सविस्तर

मानपाडा (डोंबिवली) : कल्याण-शीळ रस्त्यावर सकाळी सहा वाजता उभं राहिलं की कोणाची गाडी कामाला आली आहे ते धुरावरून कळतं. हेदुटणे, निळजे, काटई, भोपर या भागातून डोंबिवली एमआयडीसीत पाळीला जाणारे कामगार, दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकली, भाजीच्या गोणी घेऊन निघालेले शेतकरी यांचा सगळा दिवस एका १०० सीसीच्या इंजिनावर चालतो. ते इंजिन बसलं की त्या दिवसाची हजेरी बुडते.

गाडी धूर टाकायला लागली की गॅरेजमध्ये एकच वाक्य ऐकू येतं, "बोअर-पिस्टन करावं लागेल." काम तसं नेहमीचं आहे. तरीही अनेक गाड्या काही महिन्यांत पुन्हा त्याच दुखण्यासाठी उघडाव्या लागतात. याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात. पहिलं म्हणजे जुना पिस्टन कशामुळे झिजला हे कोणी शोधलेलंच नसतं. दुसरं म्हणजे नवीन इंजिनाचे पहिले हजार किलोमीटर नीट काढलेले नसतात. पिस्टन मेकॅनिक बदलतो, पण हे हजार किलोमीटर गाडीमालकाच्याच हातात असतात.

आतमध्ये झिजतं काय?

पिस्टन सिलेंडरमध्ये, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ब्लॉकमध्ये, वर-खाली होतो. जुन्या स्प्लेंडरसारख्या ९७.२ सीसीच्या गाडीत ब्लॉकचं भोक ५० मिलिमीटरचं असतं. पिस्टन त्यापेक्षा अगदी किंचित लहान असतो. दोघांमधली फट नव्या इंजिनात माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. ही फट बंद ठेवायचं काम रिंगा करतात. फोर-स्ट्रोक गाडीत वरच्या दोन रिंगा गॅस अडवतात आणि खालची ऑइल रिंग भिंतीवरचं जास्तीचं ऑइल खरवडून खाली पाठवते.

रिंगा आणि ब्लॉकची भिंत झिजली की दोन्ही कामं बिघडतात. गॅस खाली निसटतो, म्हणून पिकअप जातो, चढावर गाडी दमते, किक मऊ लागते. ऑइल वर चढून जळतं, म्हणून निळसर धूर येतो आणि ऑइलची पातळी उतरते. अशा गाड्यांत एकूण ऑइल जेमतेम एक लिटर किंवा त्याहून थोडं कमी असतं. त्यातलं पाव लिटर जळलं तर चौथा हिस्सा गेला. उरलेलं ऑइल जास्त तापतं, पातळ होतं आणि झीज आणखी वाढते.

धूर दिसला म्हणजे पिस्टनच गेला, असं नाही

इंजिन उघडण्याआधी धुराचा रंग आणि वेळ बघावी.

- गाडी ओढताना, ॲक्सिलरेटर दिल्यावर सतत निळा धूर : रिंगा किंवा बोअर झिजल्याची शक्यता.
- सकाळी चालू केल्यावर थोडा वेळ, किंवा उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दिल्यावर निळा धूर : वॉल्व्ह सील किंवा गाइड गेल्याची शक्यता. हे काम हेडचं आहे, बोअरचं नाही.
- काळा धूर : पेट्रोल जास्त जातंय. कार्बोरेटर, चोक आणि एअर फिल्टर तपासा.
- थंडीत सकाळी थोडा वेळ पांढरी वाफ : ही पाण्याची वाफ आहे, घाबरायचं कारण नाही.

दुसरी तपासणी कॉम्प्रेशनची. मेकॅनिककडे गेज असेल तर प्लग काढून त्या जागी गेज लावून किक मारतात आणि आकडा बघतात. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा मोजतात. आकडा चांगला वाढला तर गळती रिंगांकडून आहे, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. आकडा वाढला नाही तर दोष बहुतेक वॉल्व्हमध्ये आहे. पाच मिनिटांच्या या तपासणीने अनेकदा बोअरचा नाहक खर्च वाचतो.

का झिजलं? हा प्रश्न आधी

मानपाडा परिसरात पहिला संशय धुळीवर घ्यावा लागतो. कल्याण-शीळ रस्त्याचं रुंदीकरण, कल्याण-तळोजा मेट्रो १२ चं काम, दोन्ही बाजूंची बांधकामं आणि खडी-रेतीचे डंपर यामुळे इथली हवा वर्षातले आठ महिने धुळीची असते. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या मानपाड्यातही चित्र फार वेगळं नाही. या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते ब्लॉकच्या लोखंडापेक्षा कडक असतात. एअर फिल्टर फाटका असेल, नीट बसलेला नसेल किंवा "पिकअप वाढतो" म्हणून काढूनच टाकला असेल, तर हे कण थेट पिस्टनवर जातात आणि पॉलिश पेपरसारखं काम करतात. कार्बोरेटर आणि फिल्टरच्या मधला रबरी पाइप चिरलेला असला तरी हेच होतं. नवा पिस्टन टाकला आणि तो चिरलेला पाइप तसाच ठेवला, तर पैसे पाण्यात गेले.

दुसरं कारण ऑइल. ते वेळेवर न बदलणं, पातळी न बघणं, सुटं आणि भेसळीचं ऑइल घालणं. ऑइलची जाळी गाळाने भरली असेल किंवा ऑइल पंप कमजोर असेल तर ऑइल हेडपर्यंत पोचतच नाही.

तिसरं कारण पावसाचं पाणी. रस्त्यावरच्या पाण्यात गाडी बंद पडली आणि तिथेच किक मारत राहिलं, तर पाणी सिलेंडरमध्ये ओढलं जातं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. अशा वेळी गाडी ढकलत बाहेर काढावी, प्लग आणि फिल्टर काढून बघावं. ऑइल चहासारखं दुधाळ झालं असेल तर ते बदलल्याशिवाय इंजिन चालू करू नये.

इंजिन उघडल्यावर मेकॅनिकला काय विचारायचं?

हेड आणि ब्लॉक निघाला की गाडीमालकाने तिथे थांबलेलं बरं. चार गोष्टी डोळ्यांनी बघता येतात.

*ब्लॉकच्या आतली भिंत.* उभे ओरखडे नखाला लागत असतील तर नुसत्या रिंगा बदलून भागत नाही. बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं मोजतात. भोक गोल न राहता अंडाकृती झालं असेल किंवा वर रुंद आणि खाली अरुंद झालं असेल, तर त्यात नव्या रिंगा बसत नाहीत.

*कनेक्टिंग रॉड.* रॉड हाताने सरळ वर-खाली ओढून बघतात. बाजूला थोडा हलतो ते चालतं. वर-खाली खटका लागला तर क्रँकचं काम निघालं. ते टाळून वर नवा पिस्टन बसवला तर थोड्याच दिवसांत ठोका ऐकू येतो आणि सगळं इंजिन पुन्हा उघडावं लागतं.

*टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर.* ब्लॉक निघालेला असतानाच हे बघून घेणं स्वस्त पडतं.

*वॉल्व्ह.* हेड खाली आलंच आहे तर वॉल्व्ह घासून घ्यावेत आणि सील नवीन टाकावेत.

आधी पिस्टन, मग बोअर

ब्लॉक झिजला की लेथवाल्याकडे पाठवून भोक थोडं मोठं करतात आणि त्या मापाचा मोठा पिस्टन टाकतात. मोठे पिस्टन साधारण ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर वाढीव मापात मिळतात. गॅरेजमध्ये यालाच पंचवीसचा, पन्नासचा पिस्टन म्हणतात. प्रत्येक गाडीला सगळी मापं मिळतातच असं नाही. शेवटचं माप झालं की ब्लॉकच बदलावा लागतो किंवा नवीन स्लीव्ह घालावी लागते.

इथे एक नियम पक्का लक्षात ठेवावा. पिस्टन आधी विकत घ्यायचा, तो लेथवाल्याच्या हातात द्यायचा आणि त्याच पिस्टनच्या मापावर बोअर करून घ्यायचा. "पन्नासचा बोअर मारून ठेव, पिस्टन नंतर आणतो" असं केलं की फट चुकते. फट जास्त राहिली तर थंड इंजिन खडखडतं आणि ऑइल पितं. फट कमी राहिली तर त्याहून वाईट. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. फुगायला जागा मिळाली नाही की पिस्टन ब्लॉकला धरतो. यालाच इंजिन सीझ होणं म्हणतात.

बोअरनंतर होनिंग झालंच पाहिजे. होनिंगमुळे भिंतीवर एकमेकांना छेद देणाऱ्या बारीक तिरक्या रेषा उमटतात. या रेषांत ऑइल टिकतं आणि त्यांच्यावरच नव्या रिंगा घासून बसतात. आरशासारखा चकचकीत ब्लॉक दिसायला छान, पण त्यात रिंगा बसायला वेळ लागतो किंवा बसतच नाहीत.

काही नव्या गाड्यांच्या ब्लॉकला आतून कडक लेप असतो. केटीएम ड्यूक हे त्यातलं ओळखीचं नाव. अशा ब्लॉकला साधा बोअर करत नाहीत. तिथे कंपनीचा ब्लॉक आणि पिस्टन जोडीनेच बदलतात. लेथवाल्याकडे जाण्याआधी हे विचारून घ्यावं.

बसवताना होणाऱ्या चुका

लेथवरून आलेल्या ब्लॉकमध्ये दगडाची आणि लोखंडाची बारीक पूड असते. नुसत्या पेट्रोलने ती पूर्ण निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन ब्लॉक धुवावा. पांढरं फडकं आत फिरवल्यावर काळं होत नाही, तोपर्यंत धुवावा. मग लगेच कोरडा करून ऑइल लावावं, नाहीतर तासाभरात गंज धरतो.

रिंग पिस्टनवर चढवण्याआधी ती एकटी ब्लॉकमध्ये सोडून पिस्टनने सरळ आत ढकलतात आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजतात. फट किती असावी ते गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात असतं. टोकं एकमेकांना टेकत असतील तर तापल्यावर रिंग अडकून मोडते.

रिंगेवर अक्षर कोरलेलं असतं, ती बाजू वर ठेवायची. तिन्ही रिंगांची तोंडं एका रेषेत आणायची नाहीत, साधारण १२० अंशांवर फिरवायची. पिस्टनच्या डोक्यावर 'इन' लिहिलेलं असेल तर ती बाजू कार्बोरेटरकडे. बाण असेल तर तो कुठे हवा ते पुस्तकात बघायचं, कारण ते कंपनीप्रमाणे बदलतं.

गजन पिनचं लॉक नेहमी नवीन वापरावं. जुनं लॉक सुटलं तर ते ब्लॉकची भिंत खालपर्यंत फाडतं. लॉक बसवताना चेंबरच्या तोंडावर स्वच्छ फडकं ठेवावं. लॉक आत पडलं तर सगळं इंजिन फोडावं लागतं.

पॅकिंग नवीन, पिस्टन आणि रिंगांना ऑइल, टायमिंगच्या खुणा जुळलेल्या, हेडचे नट कर्णरेषेत आणि दोन-तीन टप्प्यांत, तेही टॉर्क पान्याने आवळलेले. टॅपेट थंड इंजिनावर सेट करायचे. शेवटी प्लग न लावता दहा-पंधरा किक मारायच्या, म्हणजे ऑइल वर चढतं.

पहिले हजार किलोमीटर

नव्या रिंगा आणि नवीन बोअर यांची अजून ओळख झालेली नसते. दोन्हीकडे बारीक उंचवटे असतात. ते एकमेकांवर घासून सपाट झाले की रिंग भिंतीला सगळीकडून चिकटते. गॅसचा दाब रिंगेच्या मागे शिरून तिला बाहेर ढकलतो आणि त्या दाबानेच ती बसते. म्हणून गाडी फार जोरात मारणं चूक आणि फार हळू, नुसती जागेवर घुरघुरत ठेवणं हीसुद्धा चूक. "रनिंगमध्ये आहे" म्हणून अनेक जण गाडी तासभर स्टँडवर चालू ठेवतात. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला जागेवर वारा मिळत नाही, ते तापतं. शिवाय दाब नसल्याने रिंगा बसत नाहीत.

- *पहिल्यांदा चालू केल्यावर :* दोन-तीन मिनिटं चालवून गळती आणि आवाज बघा. बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. असं दोन-तीन वेळा करा.
- *पहिले ५० किमी :* आठ-दहा किलोमीटरच्या फेऱ्या मारा. प्रत्येक फेरीनंतर गाडी थंड होऊ द्या. मागे कोणाला बसवू नका, किटल्या-गोण्या लावू नका.
- *५०० किमीपर्यंत :* १०० सीसीच्या गाडीला ताशी ४०-४५ च्या आत ठेवा. पण एकाच वेगाने चालवू नका. थोडा ॲक्सिलरेटर देऊन वेग वाढवा, मग सोडून गाडी आपोआप हळू होऊ द्या. ॲक्सिलरेटर देताना रिंगेवर दाब येतो, सोडताना ऑइल भिंतीवर चढतं.
- *५०० ते १००० किमी :* हळूहळू ५०-५५ पर्यंत न्या. अधूनमधून थोडा जास्त वेग चालतो, पण सलग नको.
- *गिअर :* वरच्या गिअरमध्ये हळू ओढत नेऊ नका. इंजिन गुदमरतंय असं वाटलं की गिअर खाली घ्या.

मेकॅनिकने वेगळी मर्यादा सांगितली असेल, तर बोअर त्याने मोजला आहे, म्हणून त्याची मर्यादा पाळावी.

रस्ता निवडणंही महत्त्वाचं आहे. संध्याकाळी काटई नाक्याच्या कोंडीत अर्धा तास पहिल्या गिअरमध्ये अडकणं नव्या इंजिनाला सर्वांत वाईट. पहिले काही दिवस पहाटे लवकर निघता आलं तर बघावं. कल्याण-मुरबाड रस्त्याचा सपाट भाग रनिंगसाठी चांगला, पण तिथून पुढे माळशेज घाट चढायची घाई करू नये. कसाऱ्याच्या घाटाचंही तसंच.

पहिलं ऑइल लवकर बदला

नव्या इंजिनात पहिल्या काही दिवसांत लोखंडाची बारीक पूड सुटते आणि ऑइलमध्ये मिसळते. म्हणून पहिलं ऑइल ३०० ते ५०० किलोमीटरला काढावं, पुढचं १००० ला. काढलेलं ऑइल उन्हात धरलं तर त्यात चमक दिसते. पहिल्या वेळी हे साहजिक आहे. दुसऱ्या वेळीही तितकीच चमक असेल किंवा कण बोटाला लागत असतील तर मेकॅनिकला दाखवा. रनिंगमध्ये साधं मिनरल ऑइल पुरतं, महागड्या सिंथेटिकची घाई नको. ग्रेड गाडीच्या पुस्तकातली आणि डब्यावर 'जासो एमए' लिहिलेलं असावं. कारचं ऑइल मोटारसायकलमध्ये घातलं तर क्लच घसरू शकतो. पहिल्या ऑइलसोबत टॅपेटही पुन्हा तपासून घ्यावेत.

रस्त्यात इंजिन धरलं तर

गाडीचा दम अचानक जातोय, टिनासारखा आवाज येतोय, ॲक्सिलरेटर देऊनही वेग पडतोय, तर पिस्टन धरायला लागला आहे. ताबडतोब क्लच दाबावा. क्लच दाबला नाही आणि इंजिन पूर्ण जाम झालं, तर मागचं चाक लॉक होतं. मागून डंपर येणाऱ्या रस्त्यावर याचा अर्थ काय, ते सांगायला नको. क्लच दाबून ठेवून गाडी डाव्या बाजूला घ्यावी, बंद करावी आणि किक न मारता अर्धा तास थंड होऊ द्यावी. नंतर चालू झाली तरी ती थेट गॅरेजमध्ये न्यावी.

गवत कापायच्या मशीनचं वेगळं गणित

मुरबाड, शहापूर, कल्याण तालुक्यांत गवत कापणीची आणि फवारणीची अनेक यंत्रं टू-स्ट्रोक असतात. त्यांच्यात इंजिन ऑइल वेगळं नसतं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइल हेच पिस्टनचं ऑइल. १:५० प्रमाण असेल तर एका लिटरला २० मिली, १:२५ असेल तर ४० मिली. प्रमाण कंपनीच्या पुस्तकातलंच घ्यावं आणि अंदाजाने झाकण न ओतता मापाने घालावं. एकदा नुसतं पेट्रोल गेलं की काही मिनिटांत पिस्टन धरतो. नवा पिस्टन टाकल्यावर पहिल्या काही टाक्या सलग फुल्ल रेसवर कापू नये, मध्ये-मध्ये थांबून यंत्र थंड होऊ द्यावं.

बिल आणि आरसी

कामाचं लेखी बिल घ्यावं. त्यात पिस्टनचं माप, कंपनी, बोअर-होनिंगची मजुरी आणि गाडीचं किलोमीटर रीडिंग लिहून घ्यावं. जुना पिस्टन आणि रिंगा परत मागाव्यात. पुढच्या वेळी कोणतं माप उरलं आहे, हे त्याच कागदावरून कळतं.

ब्लॉक-पिस्टन बदलला तर आरटीओत जायची गरज नसते, कारण इंजिन नंबर चेंबरवर असतो. पण चेंबर किंवा अख्खं इंजिन बदललं तर नंबर बदलतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार असा बदल आरसीवर नोंदवावा लागतो. डोंबिवलीकडच्या एमएच-०५ गाड्यांसाठी कल्याण आणि एमएच-०४ साठी ठाणे आरटीओ. भंगारातून स्वस्तात मिळालेलं इंजिन बिलाशिवाय घेऊ नये. ते चोरीच्या गाडीचं निघालं तर उत्तर गाडीमालकाला द्यावं लागतं.

थोडक्यात लक्षात ठेवा

- धुराची वेळ बघा, कॉम्प्रेशन तपासा, मगच इंजिन उघडा.
- झिजण्याचं कारण सापडल्याशिवाय नवा पिस्टन टाकू नका. फिल्टर आणि त्याचा पाइप आधी.
- पिस्टन हातात देऊनच बोअर करून घ्या.
- पहिले १००० किमी : ओझं नको, एकच वेग नको, जागेवर घुरघुर नको.
- पहिलं ऑइल ३०० ते ५०० किमीला बदला. त्यानंतर दर आठवड्याला काडी काढून पातळी बघा.